चिखल दाखवायला माणसं न्यायची तर

बत्तीस वर्षं ओव्हरसियर म्हणून काढली. तलावाच्या काठाला दगडी पिचिंग म्हणजे दगडांचं अस्तर, सांडव्याची डागडुजी, भरावावरची झुडपं तोडणं, गाळ काढणं हीच कामं. कोल्हापूरच्या आसपास मी टेप लावली नाही असं तळं शोधावं लागेल. निवृत्त झालो, मुलीनं दुर्बीण आणून दिली आणि पहिल्याच डिसेंबरात लक्षात आलं की माझ्या हातच्या काठांवर पक्षी नाहीत. असल्याच एका तळ्यावर म्हशी धूत असलेल्या म्हाताऱ्यानं मला ओळखलं. "साहेब, तुम्ही दगडं लावल्यापासनं ती बारकी पाखरं येईनात बघा. कुठं गेली ओ?" मी म्हटलं, बघतो. नोकरीतली सवय, दुसरं काय.

उत्तर माझ्याच जुन्या एस्टिमेटमध्ये होतं. पिचिंगचा उतार साधारण एकास दोन असतो, म्हणजे एक मीटर खाली जायला दोन मीटर आडवं अंतर. दिवाळीनंतर तळ्याचं पाणी उतरायला लागतं. समजा दहा सेंटिमीटर उतरलं, तर अशा काठावर वीस सेंटिमीटरची पट्टी उघडी पडते, तीही दगडाची. काठ एकास तीस इतका सपाट असेल तर तेवढंच पाणी उतरून तीन मीटर ओला चिखल मोकळा होतो. शंभर मीटर काठाचा हिशोब केला तर एकीकडं वीस चौरस मीटर दगड आणि दुसरीकडं तीनशे चौरस मीटर वाढलेलं ताट. रोज थोडं पाणी उतरतं, रोज नवी ओली पट्टी उघडी पडते. हजारो किलोमीटर उडून आलेलं पाखरू त्या पट्टीसाठी येतं. आम्ही तिला 'खराब काठ' म्हणायचो आणि बांधून काढायचो.

कोल्हापूरच्या माणसाला मातीचं वावडं नाही. तालमीच्या हौदात ताक, तेल, हळद घालून आपण माती मळतो आणि अंगाला लावून घेतो. तळ्याकाठचा चिखल मात्र आपल्याला घाण वाटतो. तिथं पेव्हर ब्लॉक आणि बाकडी आली की गावाला सुधारणा झाल्यासारखी वाटते. म्हणून हिवाळ्यात रविवारी सकाळी मी दहा-बारा माणसं घेऊन चिखल बघायला जातो. पक्षी दिसतातच, पण दाखवायचा असतो चिखल. तुमच्या गावात हे करायचं असेल तर माझ्या चुका टाळून कसं करता येईल ते सांगतो.

जागा निवडताना एक खूण पुरे. तलावाच्या भिंतीकडं पाणी खोल असतं. उलट टोकाला, जिथनं ओढा आत येतो तिथं, फुगवट्याचा, म्हणजे साठलेल्या पाण्याचा, शेवट असतो आणि पाणी वीतभर. लोक जातात भिंतीवर, कारण तिथं रस्ता आणि भेळेची गाडी. तुम्ही उलट टोकाला जा. कळंब्याच्या तलावावर गेलात तरी हाच नियम. रंकाळ्याच्या बांधीव काठावर टिलव्यांचे, म्हणजे चिखलात टोचणाऱ्या त्या बारक्या पाखरांचे, थवे शोधू नका. तिथं एखादी सामान्य तुतारी मात्र दगडांवरनं ढुंगण हलवत फिरताना दिसेल. या मंडळींतली तेवढी एकच बाई पिचिंगवर खूश असते.

नदीवर जायचं तर कोल्हापुरी बंधाऱ्याची चौकशी करा. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांतल्या फळ्या, घालतात आणि पाणी तुंबतं. बरगे काढले, पाणी सोडलं की काठाचा चिखल एकदम उघडा पडतो. ते दोन-तीन दिवस सोन्याचे. तारीख कुठल्या कॅलेंडरात मिळत नाही. बंधाऱ्यावरच्या माणसाशी ओळख ठेवावी लागते, चहा पाजावा लागतो. प्रयाग चिखलीच्या बाजूला नदीकाठानं हिंडून बघा. गावाच्या नावातच चिखल आहे, उगाच नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. सूर्य पाठीशी येईल असं उभं राहा, नाहीतर पाणी नुसतं चमकतं आणि सगळे पक्षी काळे दिसतात. काठाला जायची वाट ज्याच्या शेतातनं जाते त्या शेतमालकाला आदल्या दिवशी विचारून ठेवा. ऊसतोडीच्या दिवसांत बांधावर गाड्या लावून ट्रॅक्टरची वाट अडवलीत, तर पुढच्या रविवारी तुम्हाला कोण आत सोडणार?

माझ्या पहिल्या फेरीला चाळीस माणसं आली. मीच सगळ्या ग्रुपवर निरोप टाकला होता, दोष माझा. एकानं ब्लूटूथचा स्पीकर आणला होता, दोन पोरांनी पांढरेशुभ्र शर्ट घातले होते, आणि एक काका सगळ्यांत पुढं जाऊन हात लांब करून "ते बघा, ते बघा" म्हणाले. दीडेकशे पक्षी एका झटक्यात उठले आणि पलीकडच्या काठाला गेले. पुढचे दोन तास आम्ही चिवडा खाल्ला.

तेव्हापासून बारा माणसांच्या वर नेत नाही. कपडे मातकट, हिरवे, कसलेही जुने. पांढरा आणि भडक तांबडा नको. गाड्या लांब लावायच्या. काठाशी पोचल्यावर सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं. पक्ष्यांना आपण चहूबाजूंनी आलेलो आवडत नाही, एका बाजूला रांगेत उभे राहिलेले चालतात. किती जवळ जायचं ते पक्ष्यालाच विचारा. तो खात असतो, त्याची मान खाली असते. मान वर झाली आणि वरच राहिली, की तुमची हद्द संपली. दोन पावलं मागं या. हे काम मी नेहमी पोरांना देतो. "मान वर झाली की मला सांगायचं." पोरं इतक्या इमानानं करतात की मोठ्यांना कुजबुजायची चोरी होते. आणि कुत्रं आणू नका, तुमचं कितीही शहाणं असलं तरी.

पहिल्या दिवशी पाचच पक्षी शिकवा. टिटवी सगळ्यांना माहीत असते, तिच्यापासून सुरुवात करा. लोकांना वाटतं, चला, एक तर येतंय. मग शेकाट्या: काळे पंख, पांढरं अंग, गुलाबी काड्यांसारखे लांबलचक पाय. तिसरा कंठेरी चिखल्या. गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं. पळतो, थांबतो, टोचतो, पुन्हा पळतो. चौथी ठिपकेवाली तुतारी, पाठीवर पांढरे ठिपके आणि डोळ्यावर पांढरी भुवई. पाचवा छोटा टिलवा, चिमणीपेक्षा लहान, काळ्या पायांचा, सारखी शिवणयंत्राची सुई चालल्यासारखा टोचत राहणारा. बाकीच्या मातकट पक्ष्यांबद्दल कोणी विचारलं तर "पुढच्या वेळी" म्हणायचं. मला स्वतःला सहा हिवाळ्यांनंतरही काही तुताऱ्या एकमेकींपासून सांगता येत नाहीत.

टिलवा दिसला की माझ्या खिशातली दहा रुपयांची तीन नाणी बाहेर येतात. ती एखाद्या पोराच्या तळहातावर ठेवतो आणि म्हणतो, मूठ झाक. तीन नाण्यांचं वजन तेवीस ग्रॅम. टिलवा साधारण तेवढाच. हा जन्मतो उत्तरेच्या टोकाला, युरोपच्या उत्तर भागापासून सायबेरियापर्यंतच्या टुंड्रात. उन्हाळ्यात तिथं पिल्लं वाढवतो आणि थंडीला इकडं येतो. या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. तीस देश त्या वाटेवर येतात आणि आपला भारत तिच्या मधोमध. कोणाला पटलं नाही तर २०२२ ची गोष्ट सांगा. गॉडविट नावाचा याच बिरादरीतला मोठा पक्षी, तोही जेमतेम पाच महिन्यांचा, अलास्कातून निघाला आणि मध्ये कुठंही न उतरता अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोचला. पाठीवर ट्रान्समीटर होता म्हणून कळलं. पोरांच्या मुठीतली नाणी त्या वेळी बघा, सगळ्यांनी घट्ट धरलेली असतात.

आता परात. हा प्रयोग माझ्या बायकोच्या डोक्यातला, म्हणून तिचीच परात लागते. पितळेची नको, ॲल्युमिनियमची घ्या. तळ्याकाठचा चिखल आणून चार बोटं थर लावायचा आणि वर पाणी शिंपडून तो लोण्यासारखा करायचा. उकडलेल्या शेवयांचे बोटभर तुकडे करून त्या झाल्या अळ्या. काही वरवर पेरायच्या, काही दोन बोटं खोल, काही अगदी तळाला. मग पोरांना तीन चोची द्यायच्या. भुवया काढायचा छोटा चिमटा हा चिखल्या. शाळेच्या प्रयोगशाळेतला मधला फोर्सेप ही तुतारी. सर्वांत लांब फोर्सेप मिळाला तर तो गॉडविट. मोबाईलवर एक मिनिट लावायचं आणि कोणी किती काढल्या ते मोजायचं.

पहिल्या डावात छोटा चिमटावाला जिंकतो, कारण वरच्या अळ्या डोळ्यांना दिसतात. त्याला वाटतं आपण भारी. दुसऱ्या डावात वरच्या संपलेल्या असतात; तो ओरडतो, "आता नाहीत!" आणि लांब चोचीवाली पोरगी मुकाट्यानं काढत राहते. ती डोळे मिटून चाचपडते तेव्हा मी थांबवून सांगतो की पाणलाव्यासारख्या लांब चोचीच्या पक्ष्यांचं असंच असतं. चोचीच्या टोकाला इतक्या बारीक नसा असतात की चिखलात न दिसणारा किडा स्पर्शानं कळतो. तिसऱ्या डावाआधी परात चुलीवर वाळवून आणायची आणि चिमटे परत हातात द्यायचे. चिखलाची झाली वीट. एकाचाही चिमटा आत जात नाही. इथं मी काहीच बोलत नाही. एकदा एका सहावीतल्या पोरानं स्वतःच मागं वळून बांधलेल्या काठाकडं बघितलं, तेव्हा मलाच खाली बघावं लागलं.

चिखलात खरोखर काय असतं ते बघायला तेलाचा रिकामा एक किलोचा डबा घ्या. दोन्ही बाजूंनी कापून नळी करा आणि कडा हातोडीनं आत वळवून घ्या, हात कापतात. हा डबा ओल्या चिखलात दहा सेंटिमीटर दाबायचा, खालून खुरप्यानं उचलायचा आणि आतला गोळा पिठाच्या चाळणीत घेऊन बादलीतल्या पाण्यात हलकेच चाळायचा. चाळणी घरची असेल तर परत नेऊ नका, नवी घेऊन द्या. चाळणीत राहतं ते पांढऱ्या ताटलीत ओतून मोजा: बारक्या गोगलगायी, गांडुळासारखे बारीक किडे आणि लालभडक अळ्या. लाल अळ्या बघून लोक डास म्हणून दचकतात. या न चावणाऱ्या माशीच्या अळ्या आहेत आणि त्या लाल आहेत कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. चिखलात प्राणवायू कमी असला तरी त्यांचं भागतं. मात्र ताटलीत नुसत्या लाल अळ्याच आहेत, दुसरं काहीच नाही असं आलं, तर वरच्या अंगाला सांडपाणी कुठनं मिसळतंय ते शोधायला लागा. असला चिखल हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय कोणाला खाण्याचा डबा उघडू द्यायचा नाही.

दोन-तीन हिवाळे असं दाखवलं की गावातलाच कोणीतरी विचारतो, "मग आपल्या तळ्याला काय करायचं?" त्याची वाट बघा. तुम्ही होऊन सांगितलंत तर सल्ला होतो.

पहिलं काम मापाचं. डंपी लेव्हल वगैरे काही लागत नाही, पाण्याला लेव्हल शिकवावी लागत नाही. काठाशी टेप धरायला एक माणूस, आणि पोहणारा एक मोठा माणूस काठी घेऊन तीन मीटर आत. आधी काठी टेकायची, मग पाय, गाळ फसवतो. तिथं पाणी दहा सेंटिमीटर भरलं तर उतार एकास तीस, म्हणजे काठ उत्तम, हात लावू नका. दीड मीटर भरलं तर तो एकास दोन. टिलव्याला बोटाच्या पेराएवढं पाणी लागतं, शेकाट्याला वीतभर चालतं. त्याहून खोल पाण्यात यांचं काही काम नाही. काठावर दर वीस पावलांना असं माप घ्या आणि वहीत नकाशा काढा. गावातल्या माणसांनी स्वतः घेतलेलं माप असलं की मीटिंगमध्ये वाद निम्मा होतो.

इथं एक गोष्ट जुना ओव्हरसियर म्हणून बजावून सांगतो. भरावाचं, म्हणजे भिंतीवरचं, पिचिंग काढायचं नाही. लाटांनी माती धुऊन जाऊ नये म्हणून ते असतं. उत्साहानं चार दगड उपसाल आणि पावसाळ्यात भिंत खचेल. आपलं भांडण फुगवट्याच्या टोकाला विनाकारण बांधलेल्या काठाशी.

गाळ काढायचा ठरला तर तिथं उभं राहा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत शेतकऱ्याला गाळ हवा असतो, आणि रास्त आहे. पण जेसीबीवाला सगळीकडं सारखाच खोदतो, काठ उभा कापतो. त्याला आधी फक्कीनं रेघ मारून द्या: मधलं पोट खोल कर, रेघेच्या अलीकडं बकेट टाकायची नाही, आणि शेवटचे पंधरा-वीस मीटर उतार देत ये. मधलं पोट खोल झालं की पाणी वाढतं आणि ऊसवाले खूश, टोकाचा चिखल राहिला की टिलवेही खूश. हे काम एप्रिल-मेमध्ये होतं, तोवर पाहुणे उत्तरेला गेलेले असतात. पण नेमकं तेव्हाच टिटवीचं आणि शेकाट्याचं घरटं जमिनीवर असतं. घरटं कसलं, चार खडे आणि चार अंडी, मातीच्याच रंगाची. मशीन येण्याआधी सकाळी त्या जागेवर सावकाश चालून घ्या. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर तिथंच थांबा. अंड्यांना हात लावायचा नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. लांब चार काठ्या रोवून त्यांना चिंधी बांधली की ड्रायव्हरला कळतं. आमच्या तळ्यावरच्या ड्रायव्हरनं दुसऱ्या वर्षी काठ्या स्वतःच आणल्या.

केंदाळाच्या, म्हणजे जलपर्णीच्या, बाबतीत मी एकदा हसं करून घेतलंय. मे महिन्यात पन्नास पोरांनी दोन रविवार खपून तळं साफ केलं आणि आम्ही काढलेलं केंदाळ बांधावरच रचलं. फोटो काढले, वडापाव झाला. जूनच्या दुसऱ्या पावसात सगळा ढीग परत पाण्यात. चांगलं खत-पाणी मिळालं तर केंदाळ दोन आठवड्यांत दुप्पट होतं. ऑगस्टला तळं पुन्हा हिरवंगार. काढलेलं केंदाळ उताराच्या पलीकडं न्यायचं, पसरून वाळवायचं, मग खड्ड्यात कंपोस्ट. आणि त्याला खत कोण घालतंय? गावाची गटारं. ती वळवेपर्यंत दर वर्षी काढत बसावं लागेल, हे पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या वर्षी कोणी येत नाही.

वृक्षारोपणवाले आले तर नम्रपणे त्यांना रस्त्याकडं वळवा. उघड्या चिखलावर झाडं लावली की ससाण्याला बसायला जागा होते आणि या पक्ष्यांना चारी बाजूंनी मोकळं दिसलं पाहिजे असतं. झाडाला नाही म्हणणारा माणूस गावात वाईट दिसतो, मलाही ऐकून घ्यावं लागलंय. शाळेच्या पटांगणात खड्डे मी स्वतः मारून दिले, तेव्हा जमलं.

कायद्याची आशा किती ठेवायची तेही सांगतो. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आहेत. अतिक्रमण, भराव, कचरा, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी यांना त्यात मनाई आहे. पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्यांच्या व्याख्येतून वगळलेत. आपल्याकडचे बरेचसे तलाव असेच बांधलेले. म्हणजे अर्ज घेऊन धावलात तर पहिल्याच टेबलावर परत येऊ शकता. ग्रामसभेचा ठराव तेवढा हातात राहतो. त्यात 'पाणथळ संवर्धन' असलं मोघम लिहू नका. "ओढ्याकडच्या टोकाला अमुक मीटर काठ बांधायचा नाही, तिथं मुरूम टाकायचा नाही" असं मापासकट लिहा. मोघम ठराव नंतर कोणीही वाकवतो, हे मी टेबलाच्या पलीकडनं बघितलंय.

आणि वही ठेवा. एकच जागा, एकच वेळ, महिन्यातनं दोनदा, किती कोणते. शून्य दिसले तर शून्य लिहायचं. लोक तो दिवस गाळतात आणि सगळा हिशोब बिघडतो. थवा मोठा असला तर दहा पक्षी मोजून तेवढा तुकडा डोळ्यात धरा आणि असे किती तुकडे होतात ते मोजा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चाललीय. तुमचं तळं तिच्यात घालता येतं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकायला पोरं आपल्यापेक्षा हुशार, त्यांच्याकडं द्या. एखाद्या पक्ष्याच्या पायात कडं किंवा रंगीत पट्टी दिसली तर रंग, कुठला पाय, अक्षरं जमतील तेवढी टिपून, फोटो काढून मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. मला अजून एकदाही दिसलेली नाही.

साडेनऊला आवरा. ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरायला लागते आणि दुर्बिणीतला टिलवा पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो. त्या म्हाताऱ्याच्या तळ्याच्या ओढ्याकडच्या टोकाचे दगड गेल्या वर्षी ठराव करून काढले. चाळीस मीटर काठ मोकळा झाला. माझी या जानेवारीची तिथली नोंद अशी आहे: शेकाट्या ६, कंठेरी चिखल्या ९, ठिपकेवाली तुतारी २, टिलवा ०. म्हातारा म्हशी घेऊन आला, मी वही दाखवली. तो म्हणाला, "बारकी अजून नाहीत व्हय?" मी म्हटलं, बघतो.